काळे लोहचुंबक : कांडपाला, गिरणीला आणि गोठ्याला

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही एका बचत गटाच्या बायका. आमच्या गटाचे कांडप आहे. उन्हाळ्यात चटणीचे मसाले, हळद, धने-जिरे आणि बाकीच्या दिवसांत ज्वारी-गव्हाचे दळण, असे आमचे काम चालते. आज आम्ही तुमच्याशी एका काळ्या, ओबडधोबड, स्वस्त वस्तूबद्दल बोलणार आहोत. ती वस्तू तुमच्या घरात आताही आहे. ज्या रेडिओवर हे बोलणे चालू आहे, त्याच्या स्पीकरच्या पाठीमागे हात लावून बघा. काळी जाड गोल चकती लागेल. तेच आपले सिरॅमिकचे लोहचुंबक. त्याला फेराईटचे लोहचुंबकही म्हणतात.

चटणीत, पिठात आणि गाईच्या पोटात लोखंड जाऊ नये, यासाठी ही चकती आपल्या फार कामाची आहे. मात्र कोणते लोहचुंबक कुठे लावायचे, ते कसे राखायचे आणि त्याच्याकडून कोणती अपेक्षा ठेवायची नाही, हे समजून घेतले पाहिजे. नाहीतर ते नुसते यंत्राला लटकत राहते आणि लोखंड आपल्या वाटेने पुढे जाते.

आधी हे बनते कसे ते ऐका. याचा मुख्य माल म्हणजे लोखंडाचा गंज. हो, तोच तांबूस गंज, फक्त शुद्ध आणि बारीक पुडीच्या रूपात. त्यात स्ट्रॉन्शियम किंवा बेरियम नावाच्या धातूचा क्षार मिसळतात. मिश्रण भट्टीत भाजतात, पुन्हा अगदी बारीक दळतात, साच्यात दाबून आकार देतात आणि मग साधारण बाराशे अंश उष्णतेत पक्के भाजतात. म्हणजे कुंभार जसा मातीला आकार देऊन आव्यात भाजतो, तसाच हा प्रकार. फक्त माती वेगळी आणि आच जास्त. म्हणूनच याला सिरॅमिक म्हणतात. शेवटी एका जोरदार यंत्रात धरून त्यात चुंबकत्व भरतात. भट्टीतून निघते तेव्हा तो नुसता काळा दगडच असतो.

जपानमध्ये तोक्योच्या तंत्रशिक्षण संस्थेत योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई या दोघांनी १९३० च्या दशकात फेराईटवर पहिले मोठे काम केले. पुढे १९५० च्या सुमारास हॉलंडमधल्या फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत बेरियमचे लोहचुंबक तयार झाले. त्याआधी चांगले लोहचुंबक करायचे तर निकेल आणि कोबाल्ट हे महाग धातू लागायचे. गंजापासून लोहचुंबक होऊ लागले आणि ते स्वस्त झाले. आज रेडिओपासून खेळण्यापर्यंत सगळीकडे ते पोहोचले, त्याचे कारण हेच.

ते भांड्यासारखे भाजलेले असल्यामुळे त्याचे गुण आणि अवगुणही भांड्यासारखेच आहेत. हातातून पडले तर टवका उडतो, नाहीतर दोन तुकडे होतात. पण गंजत नाही. मुळात गंजापासूनच केलेले, त्याला आणखी गंज कसा चढणार? पाण्यात राहिले तरी बिघडत नाही. उन्हात, गरम यंत्राजवळ ठेवले तर जोर थोडा कमी होतो, पण गार झाल्यावर परत येतो. साधारण अडीचशे अंशांपर्यंत ते काम करते. साडेचारशे अंशांच्या आसपास मात्र त्याचे चुंबकत्व पार जाते. म्हणजे चुलीच्या निखाऱ्यात पडले, की ते पुन्हा नुसता दगड. नीट वापरले तर वर्षानुवर्षे टिकते. त्याला वीज लागत नाही, सेल लागत नाही. कोयनेच्या वीजघरातल्या प्रचंड यंत्रातही चुंबक असतात, पण ते विजेच्या प्रवाहाने तयार होणारे. प्रवाह थांबला की तो जोर गेला. आपल्या काळ्या चकतीचे तसे नाही. म्हणून तिला कायमचे चुंबक म्हणतात.

आता प्रकार बघू. पहिला फरक मालाचा. काहींत बेरियम, काहींत स्ट्रॉन्शियम. हल्ली बहुतेक स्ट्रॉन्शियमचीच मिळतात. दिसायला दोन्ही सारखीच काळी.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे. कडब्याची पेंढी आणि विस्कटलेला भुसा डोळ्यांसमोर आणा. पेंढीत सगळी ताटे एका दिशेने असतात, भुशात कशीही पडलेली. लोहचुंबकाच्या पुडीतल्या कणांचेही तसेच. साच्यात दाबताना बाहेरून चुंबकाचा जोर लावला, तर सगळे कण पेंढीसारखे एका दिशेला लागतात आणि लोहचुंबक जोरदार होते. तसे न करता नुसते दाबले, तर कण भुशासारखे राहतात आणि लोहचुंबक हलके होते. ते कपाटाच्या दाराला, फळ्याला, खेळण्याला चालते, पण गिरणीला नाही. दुकानदार याला नंबरांनी ओळखतात. सिरॅमिक एक म्हणजे हलके, भुशाचे. सिरॅमिक पाच आणि आठ म्हणजे पेंढीचे, जोरदार. लोखंड पकडायच्या पट्ट्यांत आणि स्पीकरमध्ये बहुतकरून पाच नंबर असतो. मोटारीत आठ नंबर.

तिसरा प्रकार रबराचा. हीच काळी पूड रबरात किंवा प्लॅस्टिकमध्ये मिसळून लवचिक पट्टी करतात. फ्रिजच्या दाराभोवतीच्या मऊ रबरात तीच पट्टी असते, म्हणून दार अलगद चिकटते. ही पट्टी कात्रीने कापता येते, पण तिचा जोर कमी.

मग आकार. स्पीकरला कडे लागते, मोटारीला कमानीसारखा वाकडा तुकडा, गिरणीला चौकोनी वीट किंवा कांडी. जुन्या सायकलच्या डायनॅमोत, मोटारसायकलच्या इंजिनजवळ फिरणाऱ्या मॅग्नेटमध्येही हेच असते. विहिरीवरच्या नेहमीच्या मोटारीत मात्र असे चुंबक नसते, आणि आपल्या साध्या मिक्सरमध्येही नसते. छताच्या साध्या पंख्यातही नसते. पण कमी वीज खाणारे जे नवे बीएलडीसी पंखे आले आहेत, त्यांतल्या बऱ्याच पंख्यांत फेराईटच्या कमानी बसवलेल्या असतात. साधा पंखा पंचाहत्तर वॉटचा आणि हा तीस वॉटच्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला साधारण सोळा युनिट वाचतात. म्हणजे हा काळा दगड लाईटबिलातही कामाला येतो.

बाजारात एक चकचकीत, चांदीच्या रंगाचे, छोटे पण भलते जोरदार लोहचुंबकही मिळते. ते निओडिमियमचे. तेवढ्याच आकाराच्या सिरॅमिकच्या दहापट शक्ती त्यात असू शकते. पण ते महाग, वरचा मुलामा गेला की गंजते, आणि साधे निओडिमियम ऐंशी अंशांच्या वर तापले की कायमचे कमजोर होते. म्हणजे दोघांचीही जागा वेगळी. ते कसे, हे आता कांडपाकडे येऊन सांगतो.

सांगलीची हळद सगळ्या देशात नावाजलेली. हरिपूरच्या पेवांत हळद साठवायची रीत आपल्याकडचीच. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ही हळद शेतातून आपल्या पुडीत येईपर्यंत तिचा किती लोखंडाशी संबंध येतो, हे कधी मोजले आहे का? काढताना कुदळ, शिजवताना काहील, वाळल्यावर पॉलिशचा लोखंडी जाळीचा पिंप, मग ट्रॉलीचा पत्रा, हमालाचा हूक, पोते शिवायचे दाभण, आणि शेवटी कांडपाची पाती. मिरचीचे तसेच, धान्याचेही तसेच. मळणी यंत्राचा एखादा नट ढिला होऊन पोत्यात पडतो. ट्रॉलीच्या फाळक्याचा खिळा निघतो. एखाद्या बाईच्या केसांतली पिन पडते. हे कुणी मुद्दाम करत नाही, पण होत राहते.

असा खिळा कांडपात गेला तर काय होते? एक, चाळणी फाटते. दोन, पाती दुमडतात. तीन, लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी उडते, आणि आत सगळीकडे कोरडी बारीक पूड असते, तिला आग लागू शकते. आणि चार, तोच खिळा दळून बारीक होतो आणि चटणीच्या डब्यात जातो. तो कुणाच्या दाताखाली, कुणाच्या लेकराच्या घशात जाईल, सांगता येत नाही. एका घरात असा तुकडा निघाला की आळीभर बातमी होते. मग गटाने दहा वर्षे राखलेले नाव एका पुडीत जाते. शहरातला खरेदीदारही मालात लोखंड सापडले की सगळे पोते परत करतो.

म्हणून आमच्या गटाने यंत्र घेतानाच लोहचुंबक बसवून घेतले. दरपत्रक मागवतानाच ते लिहून मागितले. तुम्हीही नवे यंत्र घेत असाल तर असेच करा, कारण मागाहून बसवायचे म्हटले की पत्रा कापा, जोडणी करा, वेगळा खर्च.

ते कुठे बसवायचे? दोन जागा. पहिली, माल यंत्रात जातो त्या नरसाळ्यात किंवा उतरत्या पन्हळीत. इथे खिळे, नट, पिना, तारा पकडायच्या असतात. यासाठी सिरॅमिकची जोरदार वीट पुरेशी होते. दुसरी जागा, पूड बाहेर पडते तिथे. इथे पात्यांची झीज होऊन पडणारी, डोळ्यांना न दिसणारी लोखंडाची भुकटी पकडायची असते. तिच्यासाठी सिरॅमिक कमी पडते, तिथे निओडिमियमच्या कांड्या लागतात. म्हणजे तोंडाशी काळे आणि शेवटी चांदीचे. दोन्ही घेणे एकदम जमत नसेल तर आधी तोंडाशी बसवा. यंत्र वाचेल, आगीचा धोका घटेल आणि खिळ्याची भुकटी होण्याआधीच तो बाहेर निघेल.

लोहचुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो, हे फार लक्षात ठेवा. चिकटून गेलेला खिळा पटकन धरला जातो, पण चार बोटे दूरून गेलेला निसटतो. म्हणून माल लोहचुंबकावरून जाड धारेने नाही, पातळ थराने आणि सावकाश गेला पाहिजे. पाटी एकदम रिकामी केली की मधला माल लोहचुंबकाला न शिवताच आत जातो. घाईच्या दिवशी, बाहेर वीस गिऱ्हाइके उभी असताना, नेमके हेच होते. तेव्हा पाटी ओतणारीने हात आवरता घ्यायचा.

दुसरे, सिरॅमिकची वीट उघडी अन्नाला लावायची नाही. तिचा टवका उडाला तर तोच चटणीत जाईल. ती चांगल्या स्टीलच्या पत्र्यात बंद केलेली असली पाहिजे. चांगल्या स्टीलला लोहचुंबक चिकटत नाही, जोर त्याच्या आरपार जातो. पत्रा साध्या लोखंडाचा असेल तर तो जोर स्वतःच खाऊन टाकतो, आणि वरून गंजतो.

तिसरे आणि सगळ्यांत महत्त्वाचे, रोज पुसायचे. लोहचुंबकावर लोखंडाचा थर चढला की नवे लोखंड धरायला जागा राहत नाही. उलट मालाच्या रेट्याने आधीचे धरलेलेच सुटून एकदम आत जाऊ शकते. म्हणजे न पुसलेले लोहचुंबक नसल्याहून वाईट. आमच्याकडे वहीत रोज सही असते, कुणी पुसले आणि काय निघाले. पुसताना मोटार बंद, मुख्य बटण बंद, पदर खोचलेला, केस बांधलेले. चालू यंत्रात हात घालायचा नाही म्हणजे नाही. लोखंड काही बोटांपेक्षा महाग नाही.

निघालेले लोखंड आम्ही टाकून देत नाही. तारीख लिहिलेल्या कागदाच्या पुड्या करून काचेच्या बरणीत ठेवतो. नवे गिऱ्हाईक आले की बरणी दाखवतो. हे सगळे तुमच्या पोटात गेले असते, एवढे एकच वाक्य बोलतो. पण बरणीचा खरा उपयोग आम्हालाच आहे. पुडी उघडली की कळते लोखंड कुठून आले. खिळा, तार, पिन, नट दिसले तर ते मालाबरोबर आले, तो माल ज्याचा त्याला दाखवायचा. तांबूस पापुद्रे दिसले तर नरसाळे किंवा पॉलिशचा पिंप गंजला आहे. आणि चकाकणारी बारीक सळसळीत भुकटी एकाएकी वाढली, तर यंत्राची पाती झिजत आहेत किंवा कुठे तरी घासत आहेत, मिस्त्रीला बोलवायची वेळ झाली. डॉक्टर जशी नाडी बघतो, तशी आम्ही पुडी बघतो.

दगडी जात्याची गिरणी असेल तर दगडाला टाकी लावल्यावर पहिले थोडे दळण बाजूला काढायची रीत आहेच. ती मोडू नका. दगडाचे कण लोहचुंबकाला दिसत नाहीत, आणि टाकीच्या टोकाचे लोखंड मात्र त्यात असू शकते.

आता परीक्षा कशी घ्यायची ते सांगतो, कारण दुकानदार सांगतो म्हणून विश्वास ठेवायचा नाही. यंत्र बंद ठेवायचे. लोहचुंबकाच्या पुढे, पन्हळीच्या तोंडाशी एक परात धरायची. विकायचे नाही असे पाच किलो धान्य घ्यायचे आणि त्यात लहान तारखिळे मोजून दहा टाकायचे. धान्य नेहमीच्या वेगाने लोहचुंबकावरून सोडायचे. मग खिळे मोजायचे. दहाच्या दहा लोहचुंबकावर हवेत. आठच असतील तर थर जाड आहे, नाहीतर लोहचुंबक हलके आहे. परातीतले उरलेले दोन शोधून, दहा पुरे झाल्यावरच उठायचे. सहा महिन्यांतून एकदा हे करा.

तयार पुडीची परीक्षा घरीही होते. पूड कागदावर पातळ पसरा. लोहचुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पुडीवरून सावकाश फिरवा. पिशवीला काळी, केसाळ अशी भुकटी चिकटली तर ते लोखंड. मग पिशवी उलटी करून लोहचुंबकापासून दूर न्या, लोखंड पिशवीत राहते आणि लोहचुंबक स्वच्छ निघते. थोडी हळद नुसती ओलाव्याने चिकटते, तिला लोखंड समजू नका. लोखंडाची भुकटी लोहचुंबक हलवले की उभी राहते आणि त्याच्या मागे वळते.

लोहचुंबक काय धरत नाही, हेही पक्के ध्यानात ठेवा. खडा नाही, काच नाही, प्लॅस्टिक नाही, तांबे-पितळ नाही, ॲल्युमिनियम नाही, आणि चांगले स्टीलही बहुतेक नाही. म्हणून लोहचुंबक आले म्हणून सूप आणि चाळण माळ्यावर टाकायची नाही. पाखडणे, निवडणे, चाळणे हे आपले हात करतात. हातांतून सुटलेले लोखंड तेवढे लोहचुंबक धरते.

आता गोठ्याकडे चला. शेळी खाताना ओठांनी पाला निवडून घेते. गाय-म्हैस तसे करत नाही. जिभेने वेढा घालून चारा ओढते, गिळते, आणि निवांत बसून रवंथ करते. त्यामुळे चाऱ्यातला खिळा, तारेचा तुकडा, हरवलेले दाभण तिच्या पोटात सहज जाते. पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतला एक मधाच्या पोळ्यासारखा असतो, त्याला जाळीपोट म्हणतात. जड वस्तू तिथे येऊन पडते. हा कप्पा सतत आवळत राहतो, आणि त्याच्या पुढे पडद्याच्या पलीकडे लगेच काळीज आहे. आवळताना तार पुढे सरकली तर पडदा टोचते आणि थेट काळजापर्यंत जाते.

लक्षणे अशी. दूध एकाएकी उतरते. गाय चारा सोडते, रवंथ थांबते. पाठ कमानीसारखी काढून उभी राहते, पुढचे कोपर बाहेर काढते. उठता-बसता कण्हते. उतार उतरायला तयार होत नाही. पुढे आजार वाढला तर पोळीखाली, म्हणजे छातीच्या पुढच्या बाजूला, सूज येते. यातली काही लक्षणे दुसऱ्या आजारातही दिसतात, म्हणून अंदाज बांधत बसू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टरांना बोलवा आणि तार गेल्याचा संशय आहे, हे त्यांना स्पष्ट सांगा.

यावर लोहचुंबकाचा उपाय आहे. गाईंसाठी मुद्दाम केलेले बोटाएवढे, गोल टोकांचे लोहचुंबक मिळते. काही सिरॅमिकचे, काही ॲल्निको धातूचे. डॉक्टर ते तोंडावाटे देतात. ते जाळीपोटात जाऊन बसते आणि जन्मभर तिथेच राहते. आलेले लोखंड त्याला चिकटते आणि टोचत फिरत नाही. होकायंत्र गाईच्या डाव्या कोपराच्या मागे, खालच्या बाजूला धरले तर काटा हलतो, त्यावरून आत लोहचुंबक आहे हे समजते. पण तार आधीच रुतली असेल तर नुसते लोहचुंबक पुरत नाही, पोट उघडून ती काढावी लागते. म्हणून हा उपाय आधी करून ठेवायचा आहे, उशिरा धावाधाव करायचा नाही. जनावर विमा आणि दूध यांच्या मोलाने बघा, दारातली एक म्हैस घराचा किती भार उचलते, ते तुम्हाला आम्ही काय सांगावे.

एक ताकीद. स्पीकरची चकती फोडून ती जनावराला घालू नका. तिच्या कडा काचेसारख्या धारदार असतात आणि ती पोटात आणखी फुटते. जनावराला द्यायचे ते जनावरासाठी केलेलेच, आणि डॉक्टरांच्या हातूनच.

स्पीकरच्या चकतीचा गोठ्यात दुसरा छान उपयोग आहे. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बिघडलेल्या स्पीकरची कडी पडलेली असतात. त्यांतली दोन-चार मागून आणा, फळीला ओळीने घट्ट बांधा, वर जाड प्लॅस्टिकचा कागद गुंडाळा आणि दांडा लावा. हा झाला लोखंडाचा झाडू. पत्र्याचे छप्पर घातले, बांधकाम झाले, मांडव उतरला, की गोठ्याच्या आणि कुट्टी यंत्राच्या भोवती तो जमिनीला जवळजवळ टेकवून फिरवा. बांधकामाच्या तारेचे किती तुकडे निघतात बघा. शेकोटीत टायर जाळला असेल तर त्या राखेवरून तर फिरवाच, टायरमधली बारीक पोलादी तार तिथेच पडलेली असते. चारा छावणीत तर ज्याच्या त्याच्या गाडीतून चारा येतो, तिथे असा एक झाडू सगळ्यांच्या उपयोगाचा.

कुट्टी यंत्राचा आपल्या मुलखाशी जुना संबंध आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराच्याही आधी बेळगावात कडबा कापायची यंत्रे केली, आणि १९१० मध्ये आपल्या सांगलीकडे किर्लोस्करवाडी वसवली. हाताने कडबा तोडायचे तेव्हा तार हाताला लागायची आणि बाजूला निघायची. आता विजेची कुट्टी क्षणात तारेचे दहा टोकदार तुकडे करून चाऱ्यात मिसळते. चारा हलका आणि फुगीर असतो, त्यामुळे कुट्टीच्या तोंडाशी लावलेले लोहचुंबक सगळी तार धरीलच असे नाही. म्हणून पेंढी तारेने बांधायची नाही, सुतळीने किंवा उसाच्या वाढ्यानेच बांधायची. दाभण वापरून झाले की त्याच्या नेढ्यात रंगीत दोरा ओवून खुंटीला टांगायचे.

शेवटी काही सावधगिऱ्या. लहान, चकचकीत लोहचुंबके पोरांच्या हाती देऊ नका. दोन गिळली तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढतात आणि मधले आतडे चिमटून भोक पडते. अशी शंका आली तर थांबायचे नाही, तडक दवाखाना. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे, त्यांच्यापासून लोहचुंबक निदान वीतभर दूर. दोन मोठी लोहचुंबके एकमेकांकडे झेपावतात तेव्हा मध्ये बोट सापडले तर ठेचते.

आणि फसू नका. बाजाराच्या दिवशी चुंबकाचे पट्टे, कडी, गाद्या विकायला येतात. गुडघा बरा होतो, बीपी उतरते असे सांगतात. नीट घेतलेल्या तपासण्यांत हे सिद्ध झालेले नाही. त्या पैशांत आपल्या गटाचे गिरणीचे लोहचुंबक येईल. कुणी विजेच्या मीटरवर चुंबक ठेवायची युक्ती सांगत असेल तर त्याला सांगा, ही वीजचोरी आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या १३५ व्या कलमात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीला तीन कामे ठरवा. एक, तुमच्या कांडपात किंवा गावच्या गिरणीत लोहचुंबक आहे का आणि ते शेवटचे कधी पुसले, हे विचारा. गिरणीवाल्याला राग येऊ देऊ नका, दादा जरा दाखवा म्हटले की तो दाखवतो. दोन, दहा खिळ्यांची परीक्षा सगळ्यांसमोर करा. तीन, लोखंडाचा एक झाडू बनवा आणि घरोघर फिरवा, ज्याच्या दारात दुभते जनावर आहे तिथे आधी. जे लोखंड निघेल ते बरणीत घालून बैठकीत मांडा. बरणी बघितल्यावर कुणाला भाषण करून पटवावे लागत नाही.

तुमच्या बरणीत काय निघाले, ते आम्हाला नक्की कळवा.